रोसाने मागे घेतलेली बातमी

रोसाच्या मुलीचा, आनाचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवे शोव्हल करत होते. "आँटी, मॉम इज गॉन," एवढंच ती म्हणाली. फावडं बर्फात तसंच रोवून मी आत आले आणि ओले बूट न काढताच सोफ्यावर बसून राहिले. माझी मैत्रीण रोसा गेली... त्याला आता दीड महिना होईल.

इथे कॅनडात, हॅमिल्टनच्या आमच्या कम्युनिटी रेडिओवर रविवारी सकाळी तिचा अर्धा तास स्पॅनिश कार्यक्रम असायचा आणि लगेच माझा मराठी. तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे अगदीच पोरसवदा. माईक दिसला की माझ्या अंगात निवेदिका संचारायची. बटाटेवड्याची कृतीसुद्धा मी राष्ट्रीय दुखवटा असल्यासारखी वाचायचे. पहिल्याच दिवशी मी श्रोत्यांना ठणकावून सांगितलं, "आत्ताच आपण आपल्या मेक्सिकन भगिनीला ऐकलंत." रोसाला मराठी येत नव्हतं, पण 'मेक्सिकन' बरोब्बर कळलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "एल साल्वाडोर, माल्ती. नकाशावर माशी बसली तर झाकला जाईल एवढा आहे माझा देश. पण आहे!" मी घरी जाऊन नातवाच्या अ‍ॅटलासमध्ये तो शोधला. आफ्रिकेत शोधला, हे मात्र तिला कधी कळू दिलं नाही.

एकदा माझ्या किचनमध्ये थालीपीठ खाता खाता तिने मला तिची जुनी हकीकत सांगितली. तिकडे ती सरकारी रेडिओवर बातम्या वाचायची. कॉफीचे मळे मूठभर घराण्यांकडे, सरकार लष्कराच्या मुठीत आणि त्याविरुद्ध डोंगरात बंदुका घेतलेली माणसं, अशी यादवी वर्षानुवर्षं चाललेली. बातमीपत्र लष्कराच्या कचेरीतूनच टाइप होऊन यायचं. एका दुपारी त्यात चकमकीत मारलेल्या दहशतवाद्यांची नावं आली, आणि त्यांत तिच्या भावाचं, एर्नेस्तोचं नाव होतं. तो शाळेत मास्तर होता. स्टुडिओच्या दारात शिपाई उभा. रोसाने ते नाव वाचलं. आवाज हलला नाही. मग तिने हवामान वाचलं...

"अगं, पण तुझा नाइलाज होता," मी शहाणपणा केला.

"माझी वहिनी रेडिओ ऐकत होती, माल्ती. नवरा गेल्याचं तिला माझ्या आवाजात कळलं. दहशतवादी म्हणून कळलं."

त्या दिवसापासून वहिनी तिच्याशी बोलली नव्हती. यादवी संपली, सरकारने सगळ्यांना सरसकट माफी देऊन टाकली, पण त्या घरात रोसाला माफी नव्हती. ती ज्या रेडिओवरून बोलली, त्याच रेडिओवरून तिला ते शब्द मागे घ्यायचे होते, आणि वहिनीने ते ऐकायला हवे होते. दुसरं काही तिला नको होतं.

मग तिकडे नवं सरकार आलं. त्याने जुन्या अत्याचारांबद्दल देशाच्या वतीने क्षमा मागितली आणि सरकारी रेडिओवर त्या काळच्या लोकांना फोनवरून बोलायला बोलावणं सुरू केलं. रोसाचं बोलावणं आलं तोवर तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी आली होती. तरी लिपस्टिक लावून बसली. "अगं, रेडिओ आहे," मी म्हटलं. "वहिनी आहे," ती म्हणाली. चुलतबहिणीकरवी तिने वहिनीला निरोप धाडला होता. फोन लागला. तिने स्वतःचं नाव सांगितलं आणि पुढे शब्दच फुटेना. मी हात धरायला गेले, तो तिने झटकला. किती वेळ गेला कोण जाणे. मग 'एर्नेस्तो' ऐकू आलं आणि त्यामागून तिचं सगळं म्हणणं.

फोन ठेवल्यावर तिने मला त्याचा अर्थ सांगितला आणि घाम पुसत विचारलं, "तुझ्या त्या वड्यांपेक्षा बरं झालं ना?"

वहिनीचा फोन आला नाही. घंटा ऐकू यावी म्हणून रोसा व्हॅक्यूमसुद्धा लावू देत नव्हती. त्यातच ती गेली.

गेल्या शनिवारी आना आईचं घर आवरायला रेजिनाहून आली होती. मी भांडी कागदात गुंडाळत होते. किचनमधला फोन वाजला. आनाने उचलला आणि तिचा चेहराच बदलला. रोसा गेल्याचं कळलं म्हणून वहिनीने केला होता.

"आँटी, ती म्हणतेय, मॉमने नाव सांगितलं आणि रेडिओ गप्प झाला. तिला वाटलं सरकारनेच लाइन कापली. तिकडे नेहमी तसंच व्हायचं. सो शी टर्न्ड इट ऑफ." आनाने फोनवर हात ठेवला. "मॉम पुढे काय म्हणाली, विचारतेय. व्हॉट डिड शी से?"

आईने लेकीला हे कधीच सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

मी इंग्रजीत एकेक वाक्य सांगू लागले, आना ते स्पॅनिशमध्ये पलीकडे पोचवू लागली. माझा भाऊ एर्नेस्तो शिक्षक होता. त्याच्या हातात बंदूक नव्हती. मी वाचलेली बातमी खोटी होती.

"आणि वाचताना मला ते माहीत होतं," मी म्हणाले.

आना थांबली. माझ्याकडे बघत राहिली. पलीकडून म्हातारी "हॅलो? हॅलो?" करत होती.

"बोल, आना. ती ठेवून देईल."

आना बोलली. पलीकडून बराच वेळ काहीच आलं नाही... पण फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.