गोधडीचं क्षेत्रफळ

माझ्या एका धड्यामुळे तांड्यावरच्या अकरा घरांतल्या कपड्यांना चौकोनी भोकं पडली. सगळी भोकं मापाने सारखी होती, हे अभिमानाने आधीच सांगून ठेवतो.

नव्वदच्या दशकात मी जवळा बाजारजवळच्या एका तांड्यावर गुरुजी होतो. प्रशिक्षणात सांगितलं, 'क्षेत्रफळाचं सूत्र पाठ करून घेऊ नका. मुलांना चौकोनी फरश्या मांडून मोजू द्या.' पटलं! पण फरश्या आणायच्या कुठून? आमच्या वर्गात वर पत्रे आणि खाली सारवलेली जमीन.

घरी आलो तर आई गोधडीचे तुकडे लावत बसलेली. बायको पहिल्या बाळंतपणाला बाळापूरला माहेरी गेली होती. नातवंडाच्या बारशाला गोधडी हवी म्हणून आईने नात्यातल्या घराघरांतून जुनं कापड मागून आणलं होतं. मामीचं लुगडं, बहिणीचा परकर, आणि वारलेल्या बाबांच्या फेट्याचा उरलेला एकुलता एक तुकडा. पुठ्ठ्याच्या एकाच मापाने कापलेले साठ चौकोन! (मला गोधडी दिसलीच नाही. फरश्या दिसल्या.)

"आई, दोन दिवसांसाठी दे."

"एक बी हरवला तर बघ. तुझ्या बाबाचा दुसरा तुकडा न्हाई."

"मी काय लेकरू हाय का?"

तिसरीचा वर्ग काय रंगला! पोरांनी टेबल मोजलं, पेटी मोजली, मग दारातली म्हैस मोजायला घेतली. "गुर्जी, म्हैस हलून राहिली!" उत्साहाच्या भरात मी तुकडे घरी नेऊ दिले. "घरातलं काहीही मोजून आणा!"

दुसऱ्या दिवशी अकरा तुकडे कमी. एक ओढ्यात वाहून गेला, एक कुत्रीच्या पिलांखाली अंथरला गेला. बाकीच्यांचा पत्ताच नाही. आईचा चेहरा आठवून मी गरजलो, "ज्यानं हरवला त्यानं उद्या तसाच चौकोन आणायचा. माप बराबर पाहिजे!"

आणले ना! वर्षभरात माझं इतकं कोणी ऐकलं नव्हतं. अकरा चौकोन, कडा सरळ, कोपरे काटकोनात. मी एकेकाची पाठ थोपटतोय तोवर दारात अकरा आया उभ्या.

"गुर्जी, माझ्या नव्या लुगड्याला भोक काहून पाडायला लावलं?"

"अहो, मी जुनं कापड..."

"तुमी तसं म्हणलेच न्हाई," तिची पोरगी मध्येच म्हणाली. "जुनं समदं फाटकं व्हतं. त्यात आख्खा चौकोन बसतच नव्हता."

चूक काढायला जागाच नव्हती. मी हात जोडले आणि पहिल्या लेकराची, आईच्या गोधडीची सगळी हकीकत सांगितली. लुगडंवालीने भोक पडलेलं लुगडं काखेत मारलं. "मंग ऱ्हाऊ द्या तो तुकडा. लेकराच्याच अंगावर जाऊन राहिला नव्हं?"

बाकीच्याही "आधी सांगायचं की व्हो!" म्हणत परतल्या. मला भरून आलं. त्या गडबडीत मी हाती लागेल त्या फडक्याने फळा पुसला, फडकं धुऊन खिडकीत वाळत टाकलं आणि तुकडे गोळा करून घरी आलो.

आईने मोजले. एकोणसाठ.

साठावा बाबांचा होता. ते फडकं! निघताना खिडकीशी एक शेळी काहीतरी चघळत उभी होती. ती काय चघळत होती, ते आत्ता कळलं. सांगताना मला खरोखरच रडू फुटलं.

आईने एकोणसाठ तुकड्यांची चळत पुन्हा नीट लावली. मग म्हणाली, "शाळेत काय नियम केला व्हता तू?"

"ज्यानं हरवला त्यानं... तसाच आणायचा."

तिने ट्रंकेतून माझी लग्नातली सफारी काढली.

"आई, जुना सदरा घे की!"

"आज्याचा तुकडा न्हाई, तर बापाचा तरी धड लागू दे." तिने सफारीच्या पाठीवर मापाचा पुठ्ठा ठेवला आणि कात्री चालवली.

गोधडी साठ तुकड्यांचीच झाली, आणि लेक तिच्या उबेत वाढली. सफारी मी अजूनही लग्नकार्याला घालतो. मी शिकवलेलं कुठवर पोचलं, ते मागे बसलेल्यांना पाठीवरच्या चौकोनी भोकातून थेट गंजीफ्राकापर्यंत स्पष्ट दिसतं!