माझा माणूस पाहिलात का?

नवरा पहिल्या पाळीला म्हणून डबा घेऊन निघाला आणि कारखान्यात पोहोचलाच नाही. दुपारी त्याच्या खात्यातला एक कामगार बिरवाडीला आमच्या भाड्याच्या खोलीवर आला आणि दारातूनच म्हणाला, "वहिनी, दादांना बरं नाय का? आज आले नायत." मी फोन लावला तर रिंग घरातच वाजली. फोन उशीच्या अभ्र्यात घालून ठेवला होता. विसरलेला फोन माणूस अभ्र्यात घालून ठेवत नाही.

त्याआधी काही महिने कारखान्यात वाफेची नळी फुटली होती. ह्यांच्या शेजारी काम करणारा जोडीदार भाजला आणि दवाखान्यात गेला. ह्यांना साधं खरचटलंही नाही. सगळे म्हणाले, नशीब बलवत्तर. पण त्या दिवसापासून हे घरी आले की मोरीत बसून हात धुवायचे. साबण लावायचे, धुवायचे, पुन्हा लावायचे. मी म्हणायची, "अहो, झाले की स्वच्छ." ते मान हलवायचे आणि पुन्हा नळ सोडायचे. हळूहळू बोलणं कमी झालं, मग जेवण. कामावर मात्र जात होते, म्हणून मी मनाची समजूत घालत होते.

मग शोध सुरू झाला. महाडचं एसटी स्टँड, दवाखाने, पोलादपूरचा नाका, सावित्रीचा काठ. पोलिसांत तक्रार दिली. मुंबईचा धाकटा दीर सुट्टी काढून आला, त्यानं आधी मुंबईतल्या नातेवाइकांच्या चाळी पालथ्या घातल्या होत्या. उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथं सासू एकटी असते. तिला वाटलं, तो आईकडे येईल. ती रोज दोन माणसांचा भात टाकायला लागली. तो आला नाही.

दिवाळी गेली. दीर मुंबईला परतला. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, ते काम चालूच होतं. सकाळी पोरांना खिचडी वाढायची, संध्याकाळी मुलीचा अभ्यास घ्यायचा आणि मधल्या वेळात हमरस्त्यावर उभं राहून गाड्यांमधली तोंडं बघायची. शेजारणीनं मला एकदा तिथून हाताला धरून आणलं.

"अशी उभी राहून येडी होशील," ती म्हणाली. "शाळेत बाहुल्यांचं शिबिर हाय बायकांसाठी. चल. हाताला काम लागेल."

मला बाहुल्यांशी काही देणंघेणं नव्हतं. पण नाही म्हणायलाही जोर लागतो, तो माझ्यात नव्हता.

शिबिर घेणाऱ्या बाई पन्नाशी उलटलेल्या होत्या. मूळच्या पुण्याच्या, लग्नानंतर महाडात स्थायिक झालेल्या. शाळेच्या सभागृहात सतरंजीवर आम्ही बसलो. बहुतेक जणी माझ्यासारख्याच, कारखान्यातल्या माणसांच्या बायका. बाईंनी वर्तमानपत्रं भिजवून लगदा कसा करायचा ते दाखवलं, पिठाची खळ शिजवली, बांबूच्या कामट्या वाटल्या. मग म्हणाल्या, "आपण चीनमधली एक जुनी दंतकथा करणार आहोत. आपल्याकडची घेतली की ह्याचा देव, त्याचा देव, भांडणं लागतात. चीनच्या गोष्टीवर कोण भांडेल?" बायका हसल्या.

बाईंनी गोष्ट सांगितली. एका राजानं राज्याच्या सीमेवर मोठी भिंत बांधायला काढली. गावोगावचे पुरुष धरून नेले. एका बाईचा नवरा लग्न होताच नेला. थंडी पडली, तरी त्याचा निरोप नाही. तिनं त्याच्यासाठी कापूस भरलेला अंगरखा शिवला आणि चालत निघाली. गावागावात विचारत गेली, माझा माणूस पाहिलात का? भिंतीपाशी पोहोचली तेव्हा कळलं, तो केव्हाच मेला, भिंतीतच गाडला. ती इतकी रडली, इतकी रडली की भिंत कोसळली आणि आतून त्याची हाडं बाहेर आली.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. शेजारीण उठून बाईंच्या कानाशी लागली. बाईंचा चेहरा उतरला. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मला माहीत नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "आपण दुसरी गोष्ट घेऊ. आत्ता बदलते."

"नको," मी म्हटलं. "हीच करा. आणि त्या बायकोची बाहुली मला द्या."

त्यांना वाटलं, मी मोठ्या धीराची आहे. खरं म्हणजे मी एवढंच ऐकलं होतं की प्रयोग महाडला होणार, तुडीलला होणार, मग पोलादपूरकडच्या वाड्यांवर होणार. म्हणजे पुष्कळ माणसं एका जागी बसणार आणि त्यांच्यासमोर मी असणार. ते मी कुणाला सांगितलं नाही.

बाहुलीचं डोकं मी स्वतः केलं. लगदा वाळायला थंडीत फार वेळ लागायचा. अंगरखा शिवायला गोधडीतली चिंधी घेतली. शिवताना शेजारीण म्हणाली, "बरी रमलीस." मी रमले नव्हते. प्रयोगाची तारीख कधी येते याची वाट बघत होते, दुसरं काही नाही.

पहिला प्रयोग महाडच्या सभागृहात होता. बाईंनी दारापासून रंगमंचापर्यंत लाल कागदाचे कंदील लावले होते. शाळांची पोरं पुढे, मागे त्यांचे आईबाप, शिक्षक, दुकानदार, ऑफिसांतली माणसं. पाहुण्यांची भाषणं झाली. आम्ही काळ्या पडद्यामागे गुडघ्यांवर बसून हात वर धरलेले. बाईंनी पोरांना आधीच शिकवून ठेवलं होतं, की बाहुलीनं विचारलं की तुम्ही गावकरी व्हायचं आणि एका सुरात सांगायचं, नाय पाहिला!

पहिलं गाव आलं. मी बाहुली पुढे केली आणि म्हटलं, "माझा माणूस पाहिलात का?"

"नाय पाहिला!" अख्खं सभागृह घुमलं.

दुसरं गाव आलं. पुन्हा तेच. तिसऱ्या गावाला मी उभी राहिले, पडदा बाजूला केला आणि पुढे आले. बाहुली उजव्या हातात तशीच होती. डाव्या हातानं पिशवीतला मोठा करून घेतलेला फोटो काढला आणि उंच धरला.

"माझा माणूस पाहिलात का?"

"नाय पाहिला!" पोरं खिदळत ओरडली.

"हे नाटकातलं नाय. हा माझा खरा नवरा हाय. बिरवाडीवरनं गेलाय. कुणी बघितला असेल तर सांगा."

टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं, हा नाटकाचाच भाग. दिवे माझ्या डोळ्यांवर होते, मला एकही तोंड दिसत नव्हतं. मी ओरडून पुन्हा सांगितलं. टाळ्या वाढल्या. मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. मी तिथं उभी राहून ओरडत होते आणि माझं ओरडणं लोकांना आवडत होतं.

शेवटी बाई धावत आल्या. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाल्या, "कृपया ऐका. यांचे पती खरोखरच बेपत्ता आहेत." टाळ्या तुटल्यासारख्या थांबल्या. ती शांतता टाळ्यांपेक्षा वाईट होती. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला आत नेलं. मला विचारलं, थांबवू का? मी नाही म्हटलं आणि बाकीचा खेळ केला. खोक्यांची भिंत दोरी ओढून पाडली. लोक उभे राहिले.

खेळ संपल्यावर माणसं फोटो बघायला आली. काहींनी माझ्यासोबतही फोटो काढला. एक गृहस्थ म्हणाले, तुडीलला नदीकाठी असा माणूस रोज बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीला दांडी मारून तुडीलला गेले. तो तिथलाच म्हातारा होता, गळ टाकून मासे धरत होता. अंगकाठी सोडली तर कशातच सारखेपणा नव्हता. त्यानं मला विचारलं, "काय पायजे गो बाय?" मी काही नाही म्हणून मागे फिरले.

पुढच्या तालमीला भांडण झालं. गटातली एक जण सरळ म्हणाली, "लोक बाहुल्या बघायला येतात का हिचं रडणं? आमी एवढे दिस मेहनत केली ती कशाला?"

शेजारीण तिच्या अंगावर गेली. मी शेजारणीला मागं ओढलं, कारण ती दुसरी खोटं बोलत नव्हती.

बाईंनी दोघींना बसवलं आणि मला म्हणाल्या, "नाटक चालू असताना विचारायचं नाही. लोकांना खरं-खोटं कळत नाही आणि तुम्हालाच उपयोग होत नाही. खेळ संपला की सगळे दिवे लावून मी स्वतः सांगेन. फोटो मीच धरीन. चालेल?"

मी मान हलवली. त्यांनी शब्द पाळला. तुडीलच्या प्रयोगात, नंतरच्या प्रत्येक प्रयोगात त्या फोटो घेऊन पुढे उभ्या राहायच्या. लोक चुकचुकायचे, जवळ यायचे, मान हलवून जायचे. एवढ्या गावांतून एकाही माणसानं ह्यांना बघितलं नव्हतं.

शिमग्याला मुंबईकर गावी येतात, म्हणून बाईंनी आमच्या वाडीतला प्रयोग तेव्हा ठेवला. सहाणेपुढं, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापुढं, मांडव होता. दीरही आला होता. सासू पहिल्या रांगेत गोणपाटावर बसली. भिंत पडली, पांढऱ्या कागदाची हाडं खाली आली, तशी ती मोठ्यानं म्हणाली, "ह्या बायेला हाडं तरी गावली."

पडद्यामागे माझा हात खाली आला. बाहुली माझ्या मांडीवर पडली. शेजारणीनं ती उचलून उरलेला खेळ पुरा केला.

त्यानंतर बाईंनी फोटो दाखवला. वरच्या वाडीहून आलेली एक बाई बराच वेळ तो निरखत राहिली. म्हणाली, "तोंड काय मला सांगता येणार नाय. दाढी लय वाढली हाय. पण आमच्या रानातल्या देवळात एक माणूस येऊन ऱ्हायलाय. कुणाशी बोलत नाय. झऱ्यावर हात धुवत बसतो नुसता."

मी तिचा दंड एवढा घट्ट धरला की ती ओरडली.

सकाळी मी, दीर आणि सासू चढायला लागलो. सासूचे गुडघे धड नव्हते, पण ती आमच्या पुढे होती. पदरात भाकरी बांधून घेतली होती. देवळाच्या मागं झरा आहे. तिथं तो पाठमोरा बसला होता. तेच खांदे, तशीच मान पुढे झुकलेली, हात पाण्यात. दीर पुटपुटला, "दादाच हाय."

सासूनं हाक मारली, "पोरा!"

तो वळला. तो आमचा नव्हता.

मला रडू आलं नाही. मला त्या माणसाचा संताप आला. तू कोण, तुला कुणी इथं बसायला सांगितलं, ह्यांचे खांदे घेऊन का बसलास, असं त्याला गदागदा हलवून विचारावंसं वाटलं. मी दिराला म्हटलं, "चला. खाली चला." पण सासू त्याच्या शेजारी दगडावर बसली होती. तिनं त्याचे ओले हात आपल्या पदरानं पुसले आणि भाकरीचा तुकडा हातात दिला. तो खायला लागला.

"कुठला रे तू?" तिनं विचारलं.

भाकरी संपल्यावर त्यानं एका गावाचं नाव घेतलं. घाटापलीकडचं, साताऱ्याच्या बाजूचं. दिरानं ओळखीपाळखीतून त्या गावात फोन लावले, पोलीस पाटलाला कळवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरची माणसं जीप घेऊन आली. बायको होती, दोन मुलं होती. ती बाई जीपमधून उतरून त्याच्याकडे धावली आणि त्याला धरून मटकन खालीच बसली. मुलं लांब उभी राहून बापाकडे बघत होती, त्यांना ओळख पटत नव्हती. मग कुणीतरी तिला माझ्याबद्दल सांगितलं. ती आली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"ताई, तुमच्यामुळं माझा संसार उभा राहिला," ती म्हणाली.

मी पाय मागे घेतले. तिला उठवायला हवं होतं, चार शब्द बोलायला हवे होते. पण तुझाच का, एवढंच मनात होतं. तिला ते कळलं असावं. तिनं डोळे पुसले, माझ्याकडे न बघता हात जोडले आणि जीपमध्ये जाऊन बसली.

जीप वळणाआड गेल्यावर सासू म्हणाली, "आपल्यालाबी असाच कुणी फोन करील गो."

"होय आई," मी म्हटलं.

तिला माझ्या आवाजावरून कळलं, की माझा त्यावर विश्वास उरला नाही. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. भात मात्र ती अजून दोघांचाच टाकते.

आता दुसरं वर्ष सरत आलं आहे. पोलिसांकडून काही नवीन नाही. कारखान्यात ह्यांच्या जागी दुसरा माणूस लागला. मुलगी वर्गात बापाचं नाव सांगते तेव्हा बाकीची पोरं एकमेकांकडे बघतात, असं तिनंच मला सांगितलं. आमच्या गटाचे खेळ चालू आहेत. कुणी बोलावलं की बाई मला विचारतात, येणार का? मी आधी गावाचं नाव विचारते. जिथं फोटो दाखवून झालाय तिथं जायचं माझ्या जिवावर येतं. अंग दुखतं, डोकं चढतं, काहीतरी निमित्त सांगते. तिथं शेजारीण माझी बाहुली चालवते. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते, तिला गोष्ट आवडते.

परवा बाईंचा फोन आला. घाटावरच्या एका गावात यात्रा आहे, तिथं खेळ मागितलाय. लांब आहे, रात्री मुक्काम करावा लागेल, मुलीची परीक्षा जवळ आली आहे. शेजारीण म्हणाली, "या वेळी नको जाऊस, पोरीकडं बघ जरा." तिचं बरोबर होतं.

त्या गावात मी अजून विचारलेलं नाही. मुलीला सासूकडे ठेवून मी जाणार आहे, असं बाईंना कळवलं.