सुईमावशींचा गुरुवार

सुईमावशी माणसाचा चेहरा विसरत, पण हाताची शीर विसरत नसत. लोणावळ्याच्या आमच्या दवाखान्यात दर गुरुवारी पुण्याहून डॉक्टर सुया टोचायला येत. त्यांच्याआधी रबरी पट्टा घेऊन मावशी हजर. दंडाला पट्टा बांधायचा, कोपरातली शीर बोटाने चाचपायची आणि मग कुठे वर बघून म्हणायचं, "तू व्हय? मागल्या गुरुवारी कुटं मेलतास?"

त्या तिकोणा पेठ गावच्या, मुसलमान घरातल्या. खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. जिभेला हाड म्हणून नाही, पण दवाखान्यातली गोष्ट त्या जिभेवरून कधी बाहेर गेली नाही.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन्ही मुलं मेलेलीच जन्मली होती. माझ्या सासूबाई बेडसे गावच्या. त्यांच्या मते सगळा दोष माझ्या कुशीचा. खरं सांगते, मलाही तसंच वाटू लागलं होतं. मावशींनी माझं रक्त तपासायला पुण्याला धाडलं. उत्तर आल्यावर मला कोपऱ्यात नेऊन म्हणाल्या, "गरमी हाय, डाक्टर उपदंश म्हनत्यात ती. नवऱ्याकडनं आलीया. तुजा काडीचा दोष न्हाई. पर पोर वाचवायचं तर दोघांनी सुया घ्यायच्या. बायकूला सुई आन् नवऱ्याला माफी, आसं हितं चालत न्हाई."

यजमान रेल्वेत फायरमन होते. "लग्नाआधी फोड आला होता, तो केव्हाच बरा झाला," ते कुरकुरले.

"फोड गेला. रोग रगतात बसलाय," मावशी म्हणाल्या.

चार गुरुवार ते आले. पाचव्याला बाकावर इंजिनांच्या शेडमधला एक ओळखीचा भेटला आणि ह्यांना लाज वाटली. सहाव्याला त्यांनी काय करावं? स्वतःचा रेल्वेचा कोट अंगात चढवून धाकट्या भावाला माझ्याबरोबर पाठवलं! मावशींनी पट्टा बांधला, शीर चाचपली आणि पट्टा सोडला. "ही शीर त्याची न्हवं. जा बाबा घरला. त्याची सुई तू घेऊन हिचं पोर जगायचं न्हाई." धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

त्याच दुपारी मावशी आमच्या दारात. सासूबाई उसळल्या, "दोष सुनंचा, आन् माज्या लेकाला कशापायी टोचता?"

"आक्का, फुडल्या दाराला कडी घालून मागलं उघडं ठिवलं, तर चोर यायचा ऱ्हातुय व्हय?" मावशींनी रोगाचं नाव काढलं नाही. ह्यांच्याकडे बघत त्या नुसत्या बसून राहिल्या. शेवटी हेच खाली मान घालून म्हणाले, "आई, दोष माझा आहे. तिचा नाही."

त्यानंतर एकही गुरुवार चुकला नाही. कोळशाने काळा झालेला त्यांचा हात मावशी साबणाने खसाखसा घासत आणि साबण किती लागतो म्हणून वर बोलतही. मुलगी झाली, जिवंत, ठणठणीत. यजमान पेढे घेऊन गेले, तर मावशींनी पेढा तोंडात टाकून पट्टा पुढे केला. "पोर रडलं म्हंजे सुया सपल्या न्हाईत."

पुढे मावशींची बदली झाली. निघायच्या दिवशी त्या निरोप घ्यायला आल्या. सासूबाईंनी त्यांचा हात धरला, "बाई, माजं चुकलं."

मावशींनी हात सोडवून घेतला. "मला कशाला? जिला बोल लावला तिला सांगा की."

मी आत मुलीला पाजत होते. सासूबाई घुटमळल्या. गाडीची वेळ होत आली होती, पण मावशी उंबऱ्यात उभ्याच. सासूबाईंनी आत येऊन ते शब्द मला म्हणेपर्यंत त्या हलल्या नाहीत.