तिसरा विलो

तोनकाका शिकारीहून परतले की स्वयंपाकघराच्या खिडकीत काडतुसं उभी करायचे. जाताना तीन न्यायची, हा नियम. आल्यावर रायफल पुसून होईपर्यंत उरलेली काडतुसं खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने उभी, मग रायफल एका कपाटात आणि काडतुसं दुसऱ्यात, दोन्हींना कुलूप. त्यांची खिडकी आमच्या खिडकीसमोर, मध्ये फक्त कमरेएवढं कुंपण. न्यूनेन या डच गावात खिडक्यांचे पडदे ओढायची पद्धत नाही, त्यामुळे सुटीच्या दिवशी पोहे परतता परतता मी मोजायचे. तीन असली तर काका रिकाम्या हाताने आलेत. दोन असली तर गल्लीत मांसाची पुडकी वाटली जाणार आणि आमच्या शाकाहारी दारात भरपाई म्हणून सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी येणार, वर छापल्यासारख्या अक्षरात नाव आणि महिना. सात वर्षांत मी तीन पाहिली, दोन पाहिली. एक कधीच पाहिलं नाही.

इथे सत्तरीच्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारतात. मला सांगलीच्या पोरीला ते जमेना, म्हणून मी ‘काका’ जोडलं. त्याचा अर्थ सांगितल्यावर ते म्हणाले, “बरं आहे. मला भाऊ नव्हता, त्यामुळे मी कुणाचाच काका नव्हतो.” मी नवऱ्याच्या व्हिसावर आले होते, नोकरी नव्हती, दिवसभर खिडकीशी उभी असायचे. माझं डच त्यांनीच कुंपणापलीकडून सुधारलं. पुढे मला आइंडहोवनला एका कंपनीत मोजमापांची आकडेवारी तपासायची नोकरी लागली, त्याचा आनंद माझ्या नवऱ्याइतकाच त्यांना झाला. मी सकाळी सायकल दामटत निघाले की ते हमखास ओरडायचे, “हळू, मेधा! हरणं कधी घाई करत नाहीत!”

तीन काडतुसांचं गणित मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. शिकारीबद्दल माझी मतं कडक होती आणि ती सांगायची खुमखुमीही होती. काकांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि मग बोटावर मोजून दाखवलं. “पहिली गोळी हरणाची. ते उभ्या जागी पडलं पाहिजे, त्याला कळताही कामा नये. दुसरी माझ्या चुकीची. आणि तिसरी लागली, तर मी घरी बसायला हवं होतं.” मी म्हटलं, मग तिसरी नेताच कशाला? “खिशात टोचायला,” ते म्हणाले.

एकदा त्यांनी मला आपलं शेत दाखवलं. शेत म्हणजे गावाबाहेरचं गवताळ रान. एका बाजूला ओढ्यासारखा चर आणि चराच्या कडेने डोक्याशी छाटलेली बुटकी विलोची झाडं, सहा की सात. पलीकडच्या रानातून हरणं येतात, आपल्या भेकराएवढी लहानखुरी. त्यांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम परवाना असलेल्या शिकाऱ्यांकडे. काका एका लाकडी मचाणावर बसायचे, चाळीस वर्षं त्याच जागी. “तिसऱ्या विलोपर्यंतचं हरीण माझं,” त्यांनी बोट दाखवून सांगितलं. “तिसऱ्याच्या पलीकडचं माझं नाही. ते कितीही देखणं असो.” मी मान डोलावली आणि मोबाइलवर विलोचे फोटो काढले. हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

आम्ही आल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांची बायको रिया गेली. त्यानंतर काकांचं जे काही चाललं होतं ते त्या मचाणामुळे. पहाटे उठायला कारण होतं, माणसांना भेटायला निमित्त होतं. माझा नवरा समीर मात्र अस्वस्थ असायचा. “अगं, म्हातारा माणूस, एकटा, आणि घरात रायफल. मला ते कॉम्बिनेशन आवडत नाही,” तो म्हणायचा. मी त्याला उडवून लावायचे, पण सकाळी खिडकीत काका दिसेपर्यंत माझाही जीव थोडा टांगलेला असायचा, हे खरं.

मग त्यांचा उजवा खांदा गेला. ऑपरेशन झालं, महिनोन्‌महिने व्यायाम झाले, तरी खांदा पूर्वीसारखा झाला नाही. त्यांची रायफल वडिलांची. तिचं काडतूस सात बाय सत्तावन्न, शंभर वर्षांहून जुनं, इथल्या शिकाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर गेलेल्या. ते उडालं की रायफलीचा दस्ता खांद्याला लाथ मारतो. काका दुखण्याबद्दल बोलले नाहीत. ते बोलले डोळ्याबद्दल. “चाप ओढायच्या आधीच माझा डोळा मिटतो, मेधा. शरीर घाबरतं. परवा सरावात पाचपैकी दोन भलतीकडे गेल्या. ते हरीण असतं तर?”

डॉक्टर म्हणाले होते, शिकार सोडा. मुलगी मार्लेन एनस्खेडेहून फोन करून तेच म्हणत होती. काकांनी तिसरा रस्ता काढला. पिस्तुलाची गोळी आणि मोठ्या रायफलीची गोळी यांच्या मधलं एक काडतूस असतं. आखूड, कमी दारूचं, निम्मा धक्का देणारं. ते घेतलं तर खांदा वाचतो आणि डोळाही उघडा राहतो. पण वडिलांची रायफल बाजूला ठेवावी लागणार, कारण नवीन काडतूस तिच्यात बसत नाही. आणि ते काडतूस मुळात सैन्यासाठी जन्मलेलं. “ते शिपायांचं आहे,” काका तोंड वाकडं करून म्हणाले. “शिपायाला समोरचा पडला नाही तरी चालतो, थांबला की झालं. मला तसं चालत नाही.” मग खिशातून माहितीपत्रकांची चळत काढून माझ्यापुढे ठेवली. “तू आकड्यांची माणूस. तू सांग, हे चालेल का?”

मला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! सात वर्षं ज्या माणसाने मला शिकवलं, त्याने मला विचारलं होतं. शाकाहार गेला खुंटीला. मी दोन शनिवार-रविवार बसून तक्ता केला. एका बाजूला जुनं काडतूस, दुसऱ्या बाजूला त्या मधल्या जातीतली चार. पन्नास मीटरवर ताकद किती, शंभरवर किती, दीडशेवर किती, गोळी खाली किती झुकते, खांद्याला धक्का किती. हरणासाठी कायद्याने जेवढी ताकद लागते ती रेघ हिरवी. समीर म्हणाला, “तू नक्की काय डिझाइन करतीयेस, कळतंय का तुला?” मी त्याला गप्प केलं. निष्कर्ष स्वच्छ होता. एक काडतूस सगळ्यांत बसत होतं, फक्त लांबवर ते फार लवकर दमत होतं. एकशेवीस मीटरच्या पुढे गोळी झुकू लागे आणि जोरही उतरे. तिथे मी लाल रेघ मारली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘१२० मीटर. पुढे नाही.’

काकांनी तो कागद बराच वेळ वाचला. “कागदाला वारा लागत नाही,” एवढंच म्हणाले, पण तो शेडमध्ये चार टाचण्यांनी लावला आणि नवीन रायफल घेतली. सरावाच्या मैदानावर मला मुद्दाम नेलं. शंभर मीटरवर पाच गोळ्या, पाचही भोकं कपाच्या तोंडात मावतील एवढ्यात. डोळा मिटला नाही. मैदानावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही वाजवायच्या होत्या, पण काका त्या लक्ष्याकडे बघत होते ते मला आवडलं नाही. खांदा दुखायचा राहिला आणि माणूस पुन्हा तिशीतला झाला, असं ते बघणं होतं.

नवीन काडतुसं इतकी आखूड होती की खिडकीच्या चौकटीआड ती आमच्याकडून दिसेनात. दोन सकाळी मी मान उंचावून पाहिलं. तिसऱ्या सकाळी काकांनी ती एका उपड्या बशीवर उभी केली होती. मी मोजते हे त्यांना इतकी वर्षं माहीत होतं.

जानेवारीतला शनिवार होता. गवतावर पांढरं हिव पडलेलं. काका उजाडायच्या सुमारास गेले, नवाला यायला हवे होते. दहा वाजले, बारा वाजले. मी समीरला म्हटलं, मैदानावर गेले असतील. तीनच्या सुमारास समोर दिवा लागला. मी खिडकीशी गेले. बशी होती, बशीवर काहीच नव्हतं. मी पुन्हा मोजलं, जणू शून्य मोजायला वेळ लागतो. मग मला समीरचं ते कॉम्बिनेशन आठवलं आणि मी घरातल्या चपलांनिशीच धावले.

दार उघडंच होतं. काका टेबलाशी बसले होते. समोर रायफल सुटी करून ठेवलेली. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. समोरच्या कपातली कॉफी बशीत सांडली होती, कारण हात थरथरत होता. तो हात मी कधी थरथरताना पाहिला नव्हता.

“तिन्ही?” मी विचारलं.

“तिन्ही,” ते म्हणाले. “मादी होती. तिसऱ्या विलोपाशी उभी होती, आडवी, अगदी शांत. मी विचारसुद्धा केला नाही. गोळी खाली लागली, पाय मोडला. दुसरी हुकली. मग माग काढणाऱ्या कुत्रेवाल्याला बोलावलं. दुपारी चरात सापडली. तोवर ती जिवंत होती, मेधा. मला बघत होती.”

इथल्या शिकाऱ्यांची एक रीत आहे. पडलेल्या जनावराच्या तोंडात ते हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. काकांनी त्या दिवशीही ठेवली होती. “पण तिने तो घ्यावा असं मला वाटलं नाही,” ते म्हणाले.

एकशेवीस मीटर मी लिहिलं होतं. पण त्या माणसाने चाळीस वर्षं मीटर कधी मोजलेच नव्हते. तो विलो मोजत होता. वडिलांच्या रायफलीचा तिसरा विलो त्याच्या हातात मुरला होता, आणि तिसरा विलो किती मीटरवर आहे हे तक्ता करणाऱ्या आकड्यांच्या बाईने एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “काका, मी अंतर विचारायला हवं होतं.” ते म्हणाले, “कॉफी घे.”

त्यांनी सोमवारी स्वतः फोन करून परवाना परत केला. पोलिस येऊन दोन्ही रायफली घेऊन गेले, वडिलांचीसुद्धा. समीर म्हणाला, “चला, घरातून गेल्या एकदाच्या.” त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि मीही टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. सात वर्षांत पहिल्यांदा. त्या खिडकीला पडदा आहे हेच मला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी ऑफिसातून आणलेलं अंतर मोजायचं यंत्र घेऊन शेतावर गेले. मचाणापासून दुसरा विलो एकशेअठरा. तिसरा एकशेशहात्तर. यायला-जायला धरून अर्ध्या तासाचं काम. मी तिथेच गवतात बसून रडले. उठले तेव्हा रस्त्यावर कुणीतरी सायकल धरून उभं होतं. काकांची टोपी मी ओळखली. मी हात केला, त्यांनीही केला, पण ते जवळ आले नाहीत.

त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. मी डबा घेऊन जायचे, ते दार उघडायचे, वरणभात चाटूनपुसून खायचे. मात्र पहाटे उठायला कारण उरलं नव्हतं आणि ते दिसत होतं. उन्हाळ्यात ते खूप वाळले. सप्टेंबरमध्ये झोपेतच गेले. मार्लेन म्हणाली, हृदय. मी तिला दुसरं काही सांगितलं नाही.

शेड आवरताना तिला तो तक्ता सापडला. त्या शनिवारचं आणि माझ्या चुकीचं मी तिला पूर्वीच सांगितलं होतं, म्हणून ती तो आमच्याकडे घेऊन आली. लाल रेघेशेजारी पेन्सिलने लिहिलं होतं: ‘१२० म्हणजे दुसरा विलो. मला माहीत होतं. तोन.’

“बघ,” मार्लेन म्हणाली, “बाबांना सगळं ठाऊक होतं. चूक त्यांचीच. तू उगाच मनाला लावून घेतलंस.”

मी तिला चहा दिला. ती गेल्यावर फळीवरची मुरंब्याची शेवटची बरणी काढून कागदाशेजारी ठेवली. बरणीवरचं अक्षर छापल्यासारखं, त्या जानेवारीच्या आधीचं. कागदावरची अक्षरं थरथरलेली, एकमेकांवर चढलेली. ती कधी लिहिली आणि कुणासाठी लिहिली, हे कळायला मला कुठलाही तक्ता लागला नाही. तोनकाका माझ्याशी एकदाच खोटं बोलले, आणि तोही नेम चुकला.