बारीक आवाजाचा बजर

मंडळी, माझ्या वायरलेस घंटीचा खरा खर्च सांगतो: सोल्डरनं भाजलेलं एक बोट, आणि आज आईचं तासभर तहानेनं ताटकळणं.

आई वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. तिनं बटण दाबलं की खाली ब्राह्मणपाऱ्यातल्या माझ्या दुकानात बजर वाजतो. जुना बजर घोगरा होता, म्हणून काल बारीक आवाजाचा लावला. आतला लाल दिवा लागलेला पाहिला अन् झाकण बंद केलं. नुसती घरघर ऐकून रेडिओचा बिघाड सांगणारा माणूस मी, अजून काय तपासायचं?

आज बायको बाजारातून आली ती दारातूनच ओरडली, "अहो, बजर वाजून राहिला ना! आई बोलावून राहिल्या!"

"कुठं वाजून राहिला?"

तिनं माझा हात धरून बजरच्या डब्यावर ठेवला. डबा थरथरत होता.

मी वर धावलो. आई म्हणाली, "बटण बिघडलं का रे बाबू? तुले काम असन म्हणून आवाज नाही देल्ला."

कोणाकडे घोगरा बजर असेल तर सांगा. नव्यात काही दोष नाही. त्याचा आवाज मला ऐकू येत नाही.