वहिनींची अनाबशाही

आमच्या सुलभावहिनी स्वतः केलेली वाइन स्वतः आधी कधीच चाखत नाहीत. टाकीतला पहिला पेला घड तोडणाऱ्या बायांचा. "प्यायची न्हाय, नुसती चाखायची. थुंकायला बादली ठिवलीय," असं त्या दरवर्षी बजावतात आणि बादली दरवर्षी कोरडी राहते.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. नळदुर्गजवळच्या मळ्यात त्यानं सगळीकडं बिनबियांची द्राक्षं लावली, पण अनाबशाहीचे जुने दोन मांडव वहिनींनी तोडू दिले नाहीत. या द्राक्षात बिया, म्हणून व्यापारी हात लावत नसत. "बी हाय म्हणून कुणाला टाकून देत्यात व्हय?" म्हणत त्या नाशिकला राहून वाइन करायला शिकून आल्या. बाटलीवर चाखणाऱ्या बाईचं नाव आणि तिचेच शब्द, हा त्यांचा नेम. "बागंत राबणार ती, आन् चवीचं बोलणार पुण्याचा माणूस?"

यंदा लेबलं लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी तुळजापुरात मराठी शिकवतो. पोरांची वाक्यं दुरुस्त करून करून हाताला खोड लागलेली. यंदाचा पहिला पेला घड तोडणाऱ्या काशीबाईंनी चाखला होता आणि त्या म्हणाल्या होत्या, "आदी जीभ आकसती, मग लेक सासरहून आल्यावानी बरं वाटतं." मी लिहिलं, "प्रारंभी किंचित आम्ल, अंती सुखद परिणाम." आणि स्वतःवर खूश होऊन साठ लेबलं छापून चिकटवूनही टाकली.

माल पुण्याच्या प्रदर्शनाला निघायचा त्या सकाळी काशीबाई तेर गावच्या आपल्या बहिणीला घेऊन आल्या. आपलं बोलणं छापलंय, हे तिला ऐकवायचं होतं. दोघींनाही वाचता येत नाही. मी ठसक्यात वाचून दाखवलं.

"हे कोन बोललं, मास्तर?"

"तुम्हीच की, काशीबाई."

"म्या न्हाय बा. म्या लेकीचं बोलले होते."

बहीण फिसकन हसली. "मला वाटलंच! तुझं कोन छापतंय?"

काशीबाई खाली बघू लागल्या. वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, चव तुमी घेतली का त्यांनी?" आणि गरम पाण्याचं घमेलं माझ्यापुढं सरकवलं.

"वहिनी, गाडी दुपारी यायचीय!"

"थांबंल. न्हाय थांबली तर जाईल. दुसऱ्याचं बोलत ह्या बाटल्या जायच्या न्हाईत."

साठच्या साठ लेबलं मी नखांनी खरवडली. "मास्तर, कोपऱ्यात ऱ्हायलं की!" बाया मांडवाखालून सूचना करत होत्या. वहिनी शेजारी बसून नवी लेबलं हातानं लिहीत होत्या. गाडी आली. ड्रायव्हर आधी कुरकुरला, मग दोन कप चहा पिऊन खोकी भरू लागला.

मी पहिली बाटली पुसून बहिणीला वाचून दाखवली, एक शब्दही न बदलता. ती या वेळी हसली नाही. "व्हय, हे हिचंच. घरीबी असंच बोलती."

काशीबाईंनी खोक्यातली एक बाटली बाहेर काढून पदराखाली घेतली.

"ही ऱ्हाऊ द्या, वैनी. दिवाळीला लेक आली की तिच्याकडनंच वाचून घेते."