डॉक्टरीणबाईंचा फुटलेला ओठ

आज सुनेने वाकडी कडी सरळ करायला गॅसवर तापवली आणि लाल लोखंडाच्या वासाने मला सांगोल्याकडची आमची वाडी आठवली.

"पोटावर डाग दिल्यानं पोटफुगी जात नाही, लेकरू जातं," डॉक्टरीणबाई तेव्हा वाडीतल्या बायकांच्या सभेत सांगत होत्या. मी अतिशहाणी! तडक घरी येऊन पोट फुगलेल्या तान्ह्या लेकीसाठी विळा तापवला. मागोमाग धावत आलेल्या बाईंनी माझं मनगट धरलं.

"सोड की! पोरगी माझी हाय!" म्हणत मी अशी हाणली, की त्यांचा ओठ फुटून पदर रक्ताने भिजला.

"आधी तिला तपासू द्या," त्या म्हणाल्या, "मग दुसरी मारा."

विळा हातून गळाला. लेक औषधाने वाचली.

पुढच्या सभेत टाके घातलेल्या ओठाने बाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "आज या बोलतील."

मी लेकीला घेऊन उभी राहिले. मग लेकीचं झबलं वर करून तिचं डाग नसलेलं कोरं पोट सगळ्यांना दाखवलं.